मालेनाचा पत्ता शोधणं आता पुरे

मालेना कोण होती? अर्जेंटिनाचा कवी ओमेरो मान्सी याच्यावर हल्ली जे काही लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं या एकाच प्रश्नात अडकून पडतं. नेली ओमार, की मालेना दे तोलेदो, की तिसरीच कुणी? कवीनं तिला कुठे ऐकलं, त्याचा जीव कुणात गुंतला होता? ‘मालेना’ या टँगोच्या नायिकेची ओळखपरेड सत्तर-ऐंशी वर्षं चालू आहे. २००९ मध्ये मान्सीच्या आयुष्यावर चरित्रपट आला, तेव्हा तरी गाडी या स्टेशनातून पुढे सरकेल असं वाटलं होतं. ती सरकली नाही. त्याच्यावरच्या लेखांचे मथळे आजही तिचंच नाव घेऊन येतात.

या सगळ्यांनी गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवरचं दुसरं नाव नीट वाचलेलं नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट. ‘मालेना’ची चाल लुसिओ देमारेची. लुसिओचा सख्खा भाऊ लुकास देमारे हा सिनेदिग्दर्शक. १९४२ मध्ये लुकासनं ‘एल व्हिएहो उचा’ हा चित्रपट काढला आणि त्यात ‘मालेना’ गायली गेली. त्याच लुकासनं त्याच वर्षी ‘ला गेर्रा गाउचा’ पडद्यावर आणला. त्याची पटकथा मान्सी आणि कवी उलिसेस पेतित दे मुरात या दोघांची. म्हणजे मालेना वाढली ती सिनेमावाल्यांच्या घरात. तिचा पत्ता हवाच असेल तर तो तिथे आहे. पण तिथे जायचं तर मान्सीच्या पटकथा पाहाव्या लागतात, आणि ते काम टँगोचे अभ्यासक करत नाहीत. सिनेमाचे इतिहासकार त्याच्या गाण्यांना हात लावत नाहीत. एका माणसाची अशी दोन कपाटं करून ठेवली आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या माणसांकडे आहेत.

मान्सीचा जन्म १९०७ चा, सांतियागो देल एस्तेरो प्रांतातल्या अन्यातूया गावचा. लहानपणीच तो ब्यूनोस आयर्सला आला आणि पोम्पेया भागातल्या वसतिगृहाच्या शाळेत राहिला. शहर तिथे संपायचं. पुढे रेल्वेचा भराव, डबकी, चिखल आणि मोकळा पांपा. १९३० मध्ये लष्करानं राष्ट्राध्यक्ष इरिगोयेनचं सरकार उलथवलं, आणि इरिगोयेनवादी मान्सीला कायद्याचं शिक्षण सोडावं लागलं. शिक्षकाची नोकरीही हातून गेली. १९३५ मध्ये तो आर्तुरो हाउरेत्चेबरोबर ‘फोर्हा’ या राजकीय गटाच्या संस्थापकांत होता. उरलेल्या वेळात टँगो, मिलोंगा, नियतकालिकं, पटकथा. कवितेचा एकही संग्रह त्यानं हयातीत काढला नाही. साहित्यिक म्हणून मिरवण्यापेक्षा साध्या माणसांच्या तोंडी बसतील असे शब्द लिहायचे, हे त्यानं विचारपूर्वक ठरवलेलं होतं. संग्रह नाही म्हणून तो कवींच्या यादीत दुय्यम, ही समीक्षकांची हिशेबाची पद्धत आहे, त्याची नव्हे.

‘ला गेर्रा गाउचा’ पाहा. लेओपोल्दो लुगोनेसचं १९०५ चं पुस्तक हाती घेणं हेच मुळात धाडस. त्या पुस्तकाचं गद्य इतकं दाट की एका वाक्यात चार विशेषणं खांद्याला खांदा लावून उभी असतात, आणि सलग कथानक नाहीच. १८१७ च्या सुमाराचा साल्ता प्रांत, स्पॅनिश फौजेविरुद्ध सेनानी ग्वेमेसच्या गाउचांची, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांची, गनिमी लढाई. या सगळ्यातून पटकथेनं एक म्हातारा देवळाचा सेवक वर काढला. एन्रिके मुइन्योनं तो उभा केला आहे. वरकरणी तो राजाशी निष्ठावान; पण शत्रू कुठे आहे, किती आहे, हे तो चर्चच्या घंटेच्या ठोक्यांतून डोंगरातल्या गाउचांना कळवत असतो. सैनिकांच्या कानांवर पडतो तो प्रार्थनेचा नाद, गाउचांच्या कानांवर पडतो तो हुकूम. पुढे बिंग फुटतं, चर्च पेटवलं जातं, म्हातारा आंधळा होतो, आणि त्या आंधळेपणात नकळत आपल्याच माणसांचा ठावठिकाणा शत्रूला सांगून बसतो. ज्यानं आवाजावर सगळं तोललं होतं, त्याचा घात आवाजानंच होतो.

ही कल्पना कवीला सुचणारी आहे, आणि ती नेमक्या कोणत्या कवीची, हे त्याच वर्षीचा ‘बार्रिओ दे तांगो’ ऐकल्यावर कळतं. अनिबाल त्रोइलोच्या चालीवरचं हे गाणं डोळ्यांआधी कानांनी वस्ती उभी करतं. आगगाडी, कुत्री, बेडूक, लांब कुठेतरी वाजणारा बँडोनियन. वस्ती दिसण्याआधी तिथला काळोख ऐकू येतो. घंटा आणि हे गाणं एकाच टेबलावर, एकाच वर्षी लिहिली गेली. तरी एकावर लिहिणारा दुसऱ्याचं नाव घेत नाही.

मग १९४८ चा ‘सुर’. संगीत पुन्हा त्रोइलोचं, आवाज एदमुन्दो रिव्हेरोचा. इथे मान्सीनं काय केलं आहे? सान ह्वान आणि बोएदो या दोन रस्त्यांचा नाका आधी दाखवला आहे, मग नजर वर नेली आहे, मग पोम्पेयाच्या पलीकडच्या पाण्याकडे. त्यानंतर माणूस येतं, तेही केसांच्या आठवणीतून. मग लोहाराचा कोपरा, चिखल, पायवाट, ओढ्याची घळ. या ओळींमध्ये क्रियापद जवळजवळ नाही. नुसती नामं, एकापुढे एक ठेवलेली, आणि ती जोडण्याचं काम ऐकणाऱ्यावर सोपवलेलं. मनाची घालमेल सांगणारं पहिलं क्रियापद येतं ते गवताच्या वासाबरोबर, तोवर दृश्य पूर्ण झालेलं असतं. चित्रपटाच्या संकलकाला ही रीत कुणी समजावून सांगावी लागत नाही. शब्दांत ती इतक्या सफाईनं उतरवणारी स्पॅनिश गाणी हाताच्या बोटांवर मोजता येतील.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो टाळून चालणार नाही. मान्सीचा डोळा पहिल्यापासून असाच होता, ‘व्हिएहो सिएगो’ या अगदी तरुणपणच्या गाण्यातला आंधळा वादक काही सिनेमानं दिला नव्हता, असं म्हणतात. खरं आहे. पण १९३१ चं ‘मिलोंगा सेन्तिमेन्ताल’ ऐका. त्यात एक दुखावलेला पुरुष आपली बाजू मांडतो. झकास मांडतो, पण मांडतोच. १९३७ च्या ‘नोब्लेसा गाउचा’पासून मान्सी पटकथांच्या कामात उतरला आणि हे बाजू मांडणं मागे पडत गेलं. डोळा जन्माचा असेल. काय गाळायचं, कुठे थांबायचं, हे त्यानं पटकथा लिहिता लिहिता कमावलं.

त्याचं सगळं सिनेमाकाम डोक्यावर घ्यावं असं अजिबात नाही. ‘सू मेहोर आलुम्नो’मधला सार्मिएन्तो पुतळ्यासारखा बोलतो. ‘पांपा बार्बारा’त सीमेवरच्या किल्ल्यात बायका नेऊन पोचवण्याचा भयंकर विषय आहे, आणि मूळच्या आदिवासींना तिथे संकटापलीकडे कुठलंच रूप नाही, हा डाग पुसता येत नाही. बाकीच्या कवी-पटकथाकारांचं म्हणाल तर सेसार तिएम्पोची सिनेमातली कामं व्यवसायाची आहेत. बोर्हेसची ‘इन्व्हासिऑन’ फिल्म सोसायट्यांनी पुरेशी पुजली आहे. ‘पाहारितो गोमेस’च्या लेखनात भागीदार असलेल्या फ्रान्सिस्को उरोन्दोबद्दल १९७६ मधल्या त्याच्या हत्येपलीकडे फारसं कुणी बोलत नाही, हा वेगळा अन्याय, त्यावर वेगळाच लेख हवा.

मान्सीनं स्वतः दिग्दर्शनात पाऊल टाकलं ते राल्फ पाप्पियेरच्या जोडीनं. ‘एल उल्तिमो पायादोर’ (१९५०) हा होसे बेतिनोती या पायादोरचा चरित्रपट आहे. पायादोर म्हणजे गिटार घेऊन जागच्या जागी कवन रचणारा, प्रतिस्पर्ध्याशी सवाल-जवाब करणारा, आपल्याकडचा शाहीरच. मराठी वाचकाला इथे १९४७ चा ‘रामजोशी’ हा चित्रपट आठवल्याशिवाय राहणार नाही. ग. दि. माडगूळकरांनी त्या शाहिराच्या पटकथेचं आणि गाण्यांचं काम एकाच हातानं केलं. दोन खंडांत, तीन वर्षांच्या अंतरानं, दोन कवींना पडद्यावर आपला पूर्वज उभा करावासा वाटला. आणि दोघांच्याही वाट्याला एकच वागणूक आली. ‘गीतकार’ हा शब्द असा उच्चारायचा की ‘कवी’च्या एक पायरी खालचा वाटावा, आणि पटकथा ही पोटासाठी केलेली हमाली समजून वगळायची.

‘सिनेमानं चांगला कवी खाल्ला’ हे वाक्य या वागणुकीचंच अपत्य. ते बोलणाऱ्यांनी तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मान्सीची उत्तम गाणी नेमकी त्या दशकातली आहेत, ज्या दशकात तो सिनेमात गळ्यापर्यंत बुडालेला होता. खाल्लं असतं तर १९४२ ओस पडलं असतं, १९४८ ओस पडलं असतं. ओस पडली आहे ती समीक्षा. चिखल, घंटा, बेडूक, लोहाराचा नाका हे सारं सोडून ती एका बाईच्या घराचा नंबर शोधत बसली आहे. शहरानं सान ह्वान आणि बोएदोच्या नाक्याला मान्सीचं नाव दिलं, तिथे टँगोचे खेळ होतात, पर्यटक फोटो काढतात. पण त्या नाक्याकडे तो ज्या डोळ्यांनी पाहत होता ते डोळे कुठे तयार झाले, हे सांगणारं तिथे कुणी नाही. फेर्नान्दो सोलानासला मात्र ते कळलं होतं. हुकूमशाहीनंतर तुरुंगातून घरी परतणाऱ्या माणसाची गोष्ट सांगताना १९८८ मध्ये त्यानं आपल्या चित्रपटाचं नाव ‘सुर’ ठेवलं आणि गायक रोबेर्तो गोयेनेचेला पडद्यावर गायला लावलं. मान्सीचं गाणं सिनेमाचंच होतं, ते त्यानं सिनेमाला परत केलं.

मान्सी ३ मे १९५१ रोजी कर्करोगानं गेला, त्रेचाळीस वर्षांचा. त्रोइलोनं त्याच्यासाठी ‘रेस्पोन्सो’ रचला आणि त्यात एकही शब्द ठेवला नाही.

फिल्म सोसायट्या चालवणाऱ्या मंडळींना एक विनंती. एखाद्या संध्याकाळी ‘ला गेर्रा गाउचा’ लावा, घंटेचा प्रसंग येऊन चित्रपट संपला की दिवे न लावता ‘बार्रिओ दे तांगो’ वाजवा. मालेना कोण होती, हा प्रश्न त्या संध्याकाळी कुणीही विचारणार नाही.