बार्सिलोना खुर्ची : साधेपणाचा अर्थ

१९२९ साली बार्सिलोना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातील जर्मन मंडपासाठी मीस व्हान डेर रोहे व लिली राइख यांनी जी खुर्ची सिद्ध केली, ती यंत्रयुगीन साधेपणाचा आदर्श मानली जाते. हे मत तपासून पाहणे अगत्याचे आहे. कात्रीप्रमाणे परस्परांस छेदणाऱ्या तिच्या पोलादी पट्ट्या प्राचीन रोमन अधिकाऱ्यांच्या घडीच्या आसनाचे स्मरण देतात. तिची योजना झाली ती स्पेनच्या राजदांपत्यासाठी. आणि तिची चौकट उजळण्यास कारागिराचा हातच लागतो. शब्दाप्रमाणे वस्तूचाही अर्थ तिच्या प्रयोगावरून ठरतो. या न्यायाने पाहता येथे अलंकार गेला, सिंहासन मात्र राहिले. साधेपणा हा येथे आकाराचा गुण होय, उपयोगाचा नव्हे. समीक्षकाने हा भेद विसरता कामा नये.