दासगाव बंदर आणि ‘व्यापक’ पक्ष

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बोटीने याच दासगाव बंदरावर उतरले आणि महाडला गेले. तेव्हा पक्षाने माणसं जोडावीत की तत्त्व सांभाळावं, हा वाद इथेच काढू.

आमचे अभ्यासक सांगतात, १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष व्यापक, १९४२ चं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संकुचित. ही मांडणी आम्हाला कच्ची वाटते. (तरुणपणी आम्हीही हेच शिकवलं, ते वेगळं!) मजूर पक्ष तत्त्व पातळ करून वाढला नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. खोताच्या जाचात कुणबी आणि महार दोघेही भरडत होते, म्हणून जानेवारी १९३८ च्या मुंबईतल्या मोर्चात दोघेही चालले. चवदार तळं कुणी झाकून ठेवलं नव्हतं. महाडच्या सत्याग्रहातले सुरबानाना टिपणीसच तर या पक्षात होते.

क्रिप्स योजनेत अस्पृश्यांना हवी ती हमी मिळाली नाही, तेव्हा फेडरेशन आलं. १९४६ ला ते सपाटून हरलं. पण संयुक्त मतदारसंघातल्या पराभवावरून तत्त्व चुकलं, असं कसं म्हणणार?

आता दुसरी बाजू बघा. याच महाड तालुक्यातले कॉम्रेड आर. बी. मोरे. कामगारांच्या एकजुटीसाठी ते कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि १९५३ मध्ये त्यांनाच जातिप्रश्नावर पक्षाला टिपण लिहून द्यावं लागलं. एकजूट तुटेल म्हणून पक्ष ज्यावर गप्प होता, ते गिरणीतल्या सांचेखात्यात रोज घडत होतं.