रंग पाहून साखर ओळखणे : हायड्रोजेल संवेदकांच्या एका दाव्याची परीक्षा

शिंपल्याच्या आतील झळाळी रंगद्रव्यातून येत नाही. ती थरांच्या रचनेतून येते. हेच तत्त्व हाताशी धरून पिट्सबर्ग विद्यापीठातील होल्ट्झ व अ‍ॅशर यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक संवेदक मांडला. सूक्ष्म गोलकांची स्फटिकवत् मांडणी त्यांनी हायड्रोजेलमध्ये बद्ध केली. जेलला जोडलेल्या रेणूने शिशाचा आयन पकडला की जेल फुगते, गोलकांतील अंतर वाढते आणि परावर्तित प्रकाश तांबड्याकडे सरकतो. कल्पना देखणी खरी. परंतु हे फुगणे आयनांच्या परासरणदाबावर अवलंबून असल्याने क्षारयुक्त द्रवात ते क्षीण होते, आणि रक्त तर क्षारयुक्तच. अ‍ॅशर यांच्याच गटाने २००३ मध्ये यावर उपाय काढला. बोरॉनिक आम्लाचे दोन गट एकाच ग्लुकोज-रेणूस धरतात, जेल आकुंचन पावते व रंग निळ्याकडे जातो. ही दुरुस्ती आम्हांस मूळ शोधाहूनही मोलाची वाटते.

आमचा आक्षेप रसायनास नाही. ‘उपकरण नको, डोळा पुरे’ या दाव्यास आहे. पट्टी तिरकी धरली तरी ब्रॅगच्या नियमाने रंग निळ्याकडेच सरकतो. ती पंख्याखाली सुकली तरीही तेच. म्हणजे हाताळणीतील दोष नेमका साखरेचेच सोंग घेतो! त्याहून गंभीर गोष्ट अशी की, साखर फार वाढल्यास प्रत्येक गटास स्वतंत्र रेणू लाभतो, बंध सुटतात आणि जेल पुन्हा फुगू लागते. एकाच रंगाचे मग दोन अर्थ संभवतात, आणि चूक घडते ती सर्वाधिक आजारी रुग्णाच्या बाबतीत.

कुडाळ तालुक्यात, विशेषतः माणगाव खोऱ्यात, आषाढातील अंधाऱ्या दुपारी आरोग्यसेविकेने ही पट्टी वाचावयाची आहे, असे क्षणभर समजावे. तेथे प्रयोगशाळेतील स्थिर तपमान नाही आणि एकसारखा उजेडही नाही. अश्रूंवर भिस्त ठेवावी, तर त्यांत ग्लुकोज रक्ताच्या मानाने अत्यल्प. २०१४ मध्ये गाजावाजा झालेली गूगलची नेत्रभिंग-योजना (ती विद्युत्-रासायनिक होती, हे खरे) अश्रू व रक्त यांतील मापांचा मेळ न बसल्याने २०१८ मध्ये थांबविण्यात आली.

तेव्हा पट्टीशेजारी त्याच जेलचे, ज्ञात प्रमाणाच्या द्रावणात मोहोरबंद केलेले दोन तुकडे असावेत. तपमान व कोन यांचा परिणाम तिन्हींवर सारखाच होईल, आणि वाचकास केवळ तुलना करावी लागेल. सुकण्याचा दोष व दुहेरी अर्थाचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. त्यांसाठी जेलच्या घडणीतच बदल हवा.