‘द डिसायपल’ : साधना आणि स्वतःविषयीची शंका

तरुण वयातील असुरक्षिततेवरचे चित्रपट बहुधा संघर्षाकडून यशाकडे जातात. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) हा मराठी चित्रपट ही वाट नाकारतो. व्हेनिस महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. मात्र या पटकथेत कलाटणी देणाऱ्या घटना फारच थोड्या आहेत. मग पाहणाऱ्याला ती धरून कशी ठेवते, हे आपण पाहू.

शरद नेरूळकर मुंबईत हिंदुस्थानी शास्त्रीय गायन शिकतो. रात्री मोटारसायकलवरून जाताना तो दिवंगत गायिका माई यांची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकतो. माईंचा आवाज (सुमित्रा भावे) शुद्धता, त्याग आणि एकांत यांची मागणी करतो. माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत नाही आणि त्यांच्या कसोटीला उतरताही येत नाही. शरदची असुरक्षितता केवळ गळ्याच्या मर्यादेतून येत नाही. ती या न दिसणाऱ्या मापातून येते.

येथे आशय आणि शैली यांचे नाते लक्षात घ्यावे. आदित्य मोडक (शरद) आणि अरुण द्रविड (गुरुजी) हे प्रत्यक्ष गायक आहेत. कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर असतो, मैफल दीर्घ दृश्यांत दिसते. शरदचा सूर कुठे कमी पडतो, हे कोणी सांगत नाही. ते आपल्याला ऐकावे लागते. म्हणजे प्रेक्षकही परीक्षक होतो, आणि त्या भूमिकेची अस्वस्थता त्याच्याही वाट्याला येते.

एक संग्राहक माई आणि गुरुजी यांच्याविषयी अप्रिय गोष्टी सांगतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पेय फेकतो. त्याचा राग समजण्यासारखा आहे: श्रद्धा खोटी ठरली, तर तिच्यासाठी घालवलेल्या वर्षांचे काय?

चित्रपटाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. रिअ‍ॅलिटी शोमधील गायिकेचे उपकथानक साधना विरुद्ध बाजार असा परिचित विरोध उभा करते आणि इतरत्र राखलेली गुंतागुंत तेथे सोपी होते.

शेवटी शरद गायक म्हणून नव्हे, पण संगीताच्या जवळच राहतो. ही हार की सुटका, याचा निवाडा चित्रपट करत नाही. पदवीच्या वर्षांत ‘आपल्यात ते आहे का?’ हा प्रश्न अनेकांना छळतो. त्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी आयुष्य उरते, एवढे हा चित्रपट दाखवतो.

विचार करा : माईंना पडद्यावर दाखवले असते, तर शरदविषयीचे आपले मत बदलले असते का?