अर्वाचीन पाश्चात्य तत्त्वज्ञान : पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या निवडीचा निकष

पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना पिंगळीचा पदवीधर प्रथम अंतर व शुल्क पाहतो. १९९४ साली स्थापन झालेले नांदेडचे विद्यापीठ त्यास जवळचे वाटणे स्वाभाविकच होय. तथापि अर्वाचीन पाश्चात्य तत्त्वज्ञानासाठी एवढा निकष अपुरा ठरतो. देकार्तने १६३७ चा ग्रंथ फ्रेंचमध्ये, तर १६४१ चा लॅटिनमध्ये लिहिला. दि. य. देशपांडे यांच्या अनुवादामुळे त्याची 'चिंतने' मराठीत आली, हे ऋण मोठे आहे. परंतु अनुवाद हा अभ्यासाचा आरंभ असतो, संशोधनाचा अखेरचा आधार नव्हे. मूळ संहिता वाचून घेणारा मार्गदर्शक व भाषाशिक्षणाची सोय जेथे नाही, तेथे विद्यार्थी इतरांच्या सारांशांवरच विसंबतो. म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी तेथील वाचनपद्धतीची चौकशी होणे अगत्याचे आहे.