स्वरलिपी आणि विश्वभाषा

संगीतास विश्वभाषा म्हणण्याची चाल आपणांकडे पडली आहे. सतराव्या शतकातील युरोपीय पंडितांस अशी भाषा खरोखरच हवी होती. मेर्सेन याने १६३६ साली आपल्या संगीतग्रंथास ‘विश्वसंवाद’ अशा अर्थाचे नाव दिले. विल्किन्स याने १६६८ साली सर्व राष्ट्रांस वाचता यावी अशी चिन्हभाषा रचली. ती भाषा रूढ झाली नाही; टिकली ती पडताळ्याची पद्धती. गॅलिलिओचा पिता विन्चेन्झो हा तंतुवादक. तारेवरील ताण दुप्पट केला की तार षड्ज निघतो, असे जुने ग्रंथ सांगत. त्याने तारांस वजने टांगून पाहिली, तो ताण चौपट लागला!

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ (चार भाग, १९१०–१९३२) आम्हांस याच कुळीची वाटते. ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाचा आहे; परंतु त्यातील गुरू ‘ग्रंथात आहे म्हणून खरे’ असे म्हणत नाही. जुने शास्त्र व चालू गायन यांचा मेळ बसेना, तर तो प्रचारातील गायनास प्रमाण मानतो. दहा थाटांची मांडणी याच वृत्तीतून झाली.

मात्र त्यांच्या स्वरलिपीलाच रागाची भाषा समजणे हा विल्किन्सचा भ्रम होय. दरबारी कानडा व जौनपुरी हे दोन्ही आसावरी थाटाचे. दोहोंतील कोमल गांधार अक्षराखालच्या एकाच आडव्या रेघेने दाखवितात. पण दरबारीचा गांधार खाली झुकून आंदोलन घेतो, जौनपुरीचा त्या मानाने सरळ असतो. पंडितजींनी मींड व कणस्वर यांस खुणा दिल्या. तरी तो झोका कागदावर किती उतरणार? पत्रिका पाहून वराचा स्वभाव कळत नाही.

मग लिपी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. घराण्यांत कोंडलेल्या चिजा त्यांच्या क्रमिक पुस्तकांनी सामान्य कुटुंबांत आणल्या. मंगरूळपीरसारख्या गावी, जेथे घराणेदार गुरू सहसा मिळत नाही, तेथील मुलीच्या हाती निदान चिजेचा पाठ तरी पडतो. मात्र पाठ मिळाला म्हणजे राग आला, असे तिच्या वडीलधाऱ्यांनी मानू नये. पंडितजींनी जुन्या ग्रंथांस जी कसोटी लावली, तीच त्यांच्या पुस्तकासही लावावी : पाठ वाचावा, गाऊन पाहावा आणि जाणत्याच्या गळ्याशी ताडावा.