लक्ष्मीबाई डोंगरे यांचे अध्यापन आणि चरित्रलेखनाची भाषा

पंडिता रमाबाईंना संस्कृत कोणी शिकविले, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गात विचारला की बहुधा एकच उत्तर मिळते : वडिलांनी. अनंतशास्त्री डोंगरे हे सुधारक वृत्तीचे विद्वान होते, त्यांनी लोकमताला न जुमानता आपल्या मुलीस विद्या दिली, असे विद्यार्थी निःशंकपणे सांगतात. त्यांचा यात विशेष दोष नाही. लहानमोठ्या चरित्रटिपणांतून त्यांनी हेच वाचलेले असते. परंतु १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी साक्ष’ या आत्मवृत्तात रमाबाईंनी स्वतः जे सांगितले आहे, ते याहून निराळे आहे. आपण सुमारे आठ वर्षांच्या असताना आईने आपणास शिकविण्यास प्रारंभ केला आणि पंधराव्या वर्षापर्यंत ते अध्यापन चालू ठेवले, असे त्या लिहितात. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तेव्हा १८६६ पासून १८७३ पर्यंतची सुमारे सात वर्षे लक्ष्मीबाई डोंगरे या आपल्या मुलीच्या शिक्षिका होत्या, असे मानावे लागते.

इतका स्पष्ट पुरावा समोर असताना चरित्रकारांच्या लेखणीतून आई निसटते कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अनंतशास्त्र्यांचे श्रेय कमी करावे, असा येथे हेतू नाही. ज्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणे हाच अधर्म मानला जात असे, त्या काळी नवव्या वर्षी घरात आलेल्या पत्नीस त्यांनी शास्त्राभ्यास शिकविला आणि त्यापायी पंडितांचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंची विद्या त्यांनीच दिलेली होती. परंतु विद्या मिळविणे ही एक गोष्ट आणि ती दुसऱ्यास देणे ही दुसरी. पहिलीचे श्रेय पतीस दिले, म्हणजे दुसरीचेही आपोआप त्याच्याच खाती जमा होते, असे मात्र नव्हे.

प्रथम हे अध्यापन कोणत्या परिस्थितीत होत होते, ते पाहू. डोंगरे कुटुंबास रूढ अर्थाने घर नव्हते. गंगामूळच्या अरण्यातील आश्रम सुटला तेव्हा रमाबाई काही महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणण्यात आले. त्यानंतरचे सारे बालपण तीर्थयात्रेत गेले. आज एक क्षेत्र, महिन्या-दोन महिन्यांनी दुसरे. देवळात अथवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोत्यांनी फुले, फळे, धान्य वा पैसे ठेवावेत, त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. चूल रोज नवी मांडावयाची, पाणी नव्या ठिकाणाहून आणावयाचे, स्नानसंध्येचे व शिवाशिवीचे सर्व नियम परमुलुखात पाळावयाचे. हे सर्व ज्या एका व्यक्तीच्या अंगावर पडत होते, तीच व्यक्ती त्या मुलीची शिक्षिका होती. वडील तोवर वृद्ध झाले होते आणि धाकट्या मुलीस शिकविण्याचे काम आईकडे आले होते.

या अध्यापनाचे वेळापत्रक आपणास ठाऊक आहे, ही भाग्याची गोष्ट होय. रमाबाईंचा ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ १८८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. त्यास तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली आहे. दिवसभराच्या कामातून आईस सवड नसे, म्हणून पाठ पहाटे होत, हे तीवरून कळते. उजाडण्यापूर्वी आई भुईवर निजलेल्या मुलीस उचलून जवळ घेई, गोंजारून जागे करी आणि पुस्तकावाचून, केवळ मुखाने, पाठ म्हणवून घेई. अमरकोश आणि भागवत या मुलीच्या मुखी बसले ते अशा पहाटांतून.

बॉडलीबाईंचे हे वर्णन सुंदर आहे, आणि माझ्या मते त्याच्या सौंदर्यातच त्याची अडचण आहे. अरण्य, पाखरांची किलबिल, पेंगुळलेले मूल, मातेचे लाडके शब्द : चित्र असे रेखाटले आहे की त्यात काम दिसत नाही. पहाटेची वेळ रम्य म्हणून निवडली गेली नव्हती. दिवसातील तेवढाच काळ शिक्षिकेच्या स्वाधीन होता, म्हणून ती निवडली गेली. मुलीच्या आधी आई उठली असली पाहिजे. पाठ संपल्यावर मुलगी पुन्हा कलंडली असेल, तरी आईस तशी मोकळीक नव्हती. हे लेखिकेने सांगितलेले नाही. परक्या देशातील वाचकांच्या मनात सहानुभूती उत्पन्न करणे हे तिचे प्रयोजन होते आणि ते साधले. परंतु मराठी वाचकाने तेच चित्र जसेच्या तसे उचलले, म्हणजे सात वर्षांचे अध्यापन एका प्रातःकालीन दृश्यात आटून जाते.

याउलट रमाबाईंचे स्वतःचे कथन पाहावे. तेथे पाखरे नाहीत. आईने केव्हा आरंभ केला, केव्हापर्यंत शिकविले आणि त्याचे फळ काय, एवढेच आहे. फळाविषयीचे त्यांचे विधान अत्यंत मार्मिक आहे. आईने आपल्या बुद्धीस असे वळण लावले की पुढे इतरांच्या फारशा साहाय्यावाचून आपणास स्वतःचे शिक्षण चालू ठेवता आले, असा त्याचा आशय आहे. किती श्लोक पाठ झाले याची येथे मोजदाद नाही. विद्यार्थ्यास शिक्षकाची गरज उरू नये, हे अध्यापनाचे अंतिम साध्य होय, आणि ते येथे एका स्त्रीने साधले होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात थोड्याच अवधीत आईवडील दोघेही निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी, १८७८ मध्ये, कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले. त्या सभेत शिक्षिका हजर नव्हती, पण तिच्या अध्यापनाची परीक्षा मात्र त्या दिवशी झाली.

आता भाषेकडे वळू. आई निसटण्याचे कारण केवळ पुरुषप्रधान समाजरचनेत शोधून भागत नाही. ती रचना वाक्यात कोणत्या वाटेने शिरते, हे दाखविणे भाषाभ्यासकाचे काम आहे. मराठीत मातेच्या शिकविण्यासाठी जे शब्दप्रयोग रूढ आहेत, ते पाहावेत. वडील ‘शिकवितात’, गुरुजी ‘धडा देतात’, पंतोजी ‘घोकून घेतात’. आई मात्र ‘संस्कार करते’. तिने दिले ते ‘बाळकडू’. मूल ‘आईच्या मांडीवर’ शिकते, किंवा ‘आईच्या दुधाबरोबर’ काही तरी पिते. बाळकडू कोणी तरी उगाळावे लागते, ते किती द्यावे हे ठरवावे लागते, आणि मूल तोंड फिरवीत असता ते पाजावे लागते. परंतु लाक्षणिक अर्थाने शब्द वापरताना हे सारे गळून पडते आणि मातेचे शिकविणे हा तिच्या देहाचा धर्म ठरतो. देहधर्मास ना वेळापत्रक असते, ना पद्धती, ना श्रेय.

व्याकरणातही असाच एक आडमार्ग आहे. मराठीत ‘शिकणे’ हे सकर्मक क्रियापद भूतकाळी कर्तरि प्रयोगात राहते. ‘मी संस्कृत वाचले’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘मी संस्कृत शिकले’ असे स्त्री म्हणते तेव्हा ते कर्त्याप्रमाणे चालते. शिकणाराच वाक्याचा धनी होतो. शिकविणाऱ्यास आणावयाचे झाल्यास ‘आईजवळ’, ‘आईपाशी’, ‘आईकडे’ अशा शब्दयोगी अव्ययांचा आश्रय घ्यावा लागतो, आणि शिक्षिका व्यक्ती न राहता एक स्थळ होऊन बसते. हे गुरूच्या बाबतीतही घडते, ही गोष्ट खरी. ‘गुरूपाशी शिकला’ असे आपण म्हणतोच. पण गुरूसाठी ‘गुरूंनी शिकविले’ हे दुसरे वाक्य सदैव तयार असते आणि चरित्रकार ते न चुकता लिहितो. आईसाठी ते क्वचितच लिहिले जाते. भाषा दोन्ही वाक्ये देते. निवड लेखकाची असते. म्हणून दोष मराठीच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

दोन सुपरिचित ग्रंथांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात घरी झालेल्या शिक्षणाचा विस्तृत वृत्तांत आहे. तेथे शिकविणारे पती आहेत, विरोध करणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आहेत, दिवसाची कामे आणि रात्रीचा अभ्यास आहे. संघर्ष असल्यामुळे कथा आहे आणि कथा असल्यामुळे शिकविणारा स्पष्ट दिसतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (लेखन १९३३, नाशिकचा तुरुंग) माता प्रत्येक प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. परंतु ती शिकविते ते वर्तन. अक्षरविद्येसाठी श्याम शाळेत जातो. त्या ग्रंथाच्या अपार लोकप्रियतेचा एक परिणाम असा झाला की शिकविणारी आई म्हणताच मराठी मनापुढे शील घडविणारी आईच उभी राहते. अमरकोशाचे वर्ग म्हणवून घेणारी, विभक्ती चुकली तर थांबविणारी लक्ष्मीबाई त्या साच्यात बसत नाही. साचा मोडण्यापेक्षा तिला वगळणे, अथवा तिच्या हातून अमरकोश काढून घेऊन तो अनंतशास्त्र्यांच्या हाती देणे, सोपे जाते.

येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे. लक्ष्मीबाईंच्या घरच्या शाळेचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकल्या जात नाहीत काय? मर्यादा होत्या, आणि त्या प्रथम सांगितल्या त्या रमाबाईंनीच. संस्कृतखेरीज अन्य विद्या शिकविणे आईवडिलांस मान्य नव्हते. लौकिक शिक्षणाने मन प्रपंचात गुंतेल, आणि इंग्रजी व म्लेंच्छसंपर्क यांमुळे धर्म जाईल, अशी त्यांची धारणा होती. बाहेरच्या जगाशी मुलांचा संबंध येऊ नये, अशी काळजी ते घेत. दुष्काळ आला तेव्हा या शिक्षणाने पोट भरेना. पुराण ऐकण्यास श्रोता उरला नाही, इतर कोणताही उद्योग येत नव्हता, मजुरीची सवय नव्हती आणि भीक मागवत नव्हती. कुटुंबाच्या उपासमारीचे वर्णन करताना रमाबाईंनी ही गोष्ट कोणताही आडपडदा न ठेवता नोंदविली आहे. ज्या लेखणीने आईस शिक्षिकेचा मान दिला, त्याच लेखणीने त्या शिक्षणाची उणीव दाखविली. मला हे दोन्ही एकाच न्यायबुद्धीचे भाग वाटतात. जिच्याकडून संस्कार झाले तिची पूजाच करता येते, टीका करता येत नाही. जिने शिकविले तिच्या अध्यापनाची मात्र चिकित्सा करता येते. लक्ष्मीबाईंना शिक्षिका म्हणावयाचे तर त्यांच्या पाठ्यक्रमाची चिकित्साही सोसली पाहिजे, आणि रमाबाईंनी ती केली.

‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ रमाबाईंनी आईच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्या अर्पणपत्रिकेत आईच्या प्रेमळ प्रभावाबरोबर तिच्या समर्थ अध्यापनाचाही निराळा उल्लेख आहे. वीस वर्षांनी लिहिलेल्या आत्मवृत्तात तेच पुन्हा येते. म्हणजे १८८७ पासून १९०७ पर्यंत, देश बदलले, संस्था उभ्या राहिल्या, तरी या एका बाबतीत रमाबाईंची साक्ष बदलली नाही. प्रभाव आणि अध्यापन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी जाणले होते. पुढील चरित्रलेखनाने पहिली ठेविली आणि दुसरी गाळली.

हा विचार केवळ जुन्या चरित्रांपुरता नाही. आज पुण्या-मुंबईतील काही मराठी कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरी शिकवीत आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. दुसरीकडे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचा मार्ग उपलब्ध आहे. या मार्गाच्या इष्टानिष्टतेचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु त्या घरांतील रोजचे शिकविणे पुष्कळदा आईच्याच वाट्यास येते, आणि त्याविषयी बोलताना आपण अद्याप तीच जुनी वाक्ये वापरतो. मूल ‘आपोआप शिकले’, आईचे ‘संस्कार’ चांगले, वडिलांचा ‘निर्णय’ धाडसी. कुकराच्या दोन शिट्यांच्या मध्ये अपूर्णांक कोणी समजावून दिले, कंटाळलेल्या मुलापुढे पुस्तक पुन्हा कोणी उघडले, हे त्या वाक्यांत कोठेच येत नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः काही लिहून ठेवलेले आपल्या हाती नाही. त्यांची पहाट आपणास कळते ती दोन दुसऱ्या स्त्रियांच्या लेखणीतून, आणि त्यांतील एक तिला चित्र करून टाकते. आजच्या आईस स्वतः लिहिता येईल. तिने लिहावे, आणि लिहिताना वेळ, विषय, चुका व थकवा यांची नोंद करावी.

चरित्राभ्यासकांपुढे मात्र याहून लहान आणि तातडीचे काम आहे. रमाबाईंवर पुढील टिपण लिहिताना एक वाक्य दुरुस्त करावे. अनंतशास्त्र्यांनी पत्नीस शिकविले. पत्नीने मुलीस शिकविले. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे, आणि तेच राहावे.